‘कंपनी’चं कूळ

माधव गेल्याचं मुग्धानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या एका दुकानात पावाची लादी घेत होतो. “काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच.” तिचा आवाज अगदी स्थिर होता. दुकानदारानं लादी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मी ती धरून फुटपाथवर किती वेळ उभा राहिलो, आठवत नाही. ती लादी माधवसाठीच होती. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात त्यानं बजावलं होतं, “शांत्या, उद्या पाव आण. मऊ बघून आण. दुधात बुडवून खाईन.” गेल्या महिन्याभरात त्यानं पहिल्यांदाच स्वतःहून काही खायला मागितलं होतं, म्हणून मी सकाळीच बाहेर पडलो होतो...

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. नवीन लागलेली एक नर्स आत आली आणि सलाइन तपासता तपासता म्हणाली, “आजोबांना कंपनी द्यायला कोण थांबणार आहे?” माधवला तेव्हा दोन वाक्यं बोललं की धाप लागायची. पण त्यानं उशीवरून मान वळवली. “बाई, पुन्हा म्हणा बरं.” ती बिचारी घाबरली. “कंपनी... म्हणजे सोबत, आजोबा.” माधव हसला. “बघ शांत्या. इंग्रज लोक कंपनी ‘कीप’ करतात. म्हणजे ठेवतात. आपण मराठी माणसं ती देतो. किती चांगलं केलं आपण त्या शब्दाचं!” आणि डोळे मिटून पडला. मी त्याच्याकडून ऐकलेलं हे शेवटचं मोठं बोलणं. आयुष्यभर ज्या शब्दानं त्याला पछाडलं, त्याच शब्दावर थांबलं.

आमची ओळखही त्याच शब्दानं झाली. चाळीसेक वर्षांपूर्वी नाशिकमध्ये कुणाच्याही मुलाची चौकशी केली, की एकच उत्तर मिळायचं, “कंपनीत लागलाय.” कुठली कंपनी, काय काम, कुणी विचारायचं नाही. सातपूरकडं जाणाऱ्या बसमध्ये डबा घेऊन चढला, की मुलगा मार्गी लागला. मीही असाच लागलो, विजेची बटणं आणि पेट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात, फिटर म्हणून. माझं घर शरणपूरचं. आम्ही ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचे. बाबांची छोटी बेकरी होती, आणि माझ्या डब्यात भाजी कुठलीही असो, पाव ठरलेला. माधव माझ्यानंतर महिन्याभरानं ड्रॉइंग ऑफिसात आला. पंचवटीतला, रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या घरातला. बारीक अंगाचा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला, आणि कँटीनमध्ये भिंतीकडच्या बाकावर एकटा बसून जेवणारा.

त्यात तोरा नव्हता. घरून सोवळ्यातला डबा यायचा आणि तो एकट्यानं खायची सवय होती, एवढंच. एके दिवशी त्याची आई आजारी होती, डबा आला नाही. तो नुसता पाणी पीत बसलेला मला दिसला. मी माझा डबा घेऊन त्याच्यासमोर बसलो आणि अर्धा पाव मोडून पुढं केला. “घे.” तो संकोचला. “आमच्यात पाव चालत नाही.” मी विचारलं, “का?” तो म्हणाला, “पायानं तुडवतात म्हणून पाव. घरात असंच सांगतात.” मला हसूच आलं. माझ्या बाबांचे दोन्ही हात खांद्यापर्यंत पिठानं माखलेले मी जन्मापासून बघत आलो होतो. मी म्हणालो, “आमच्या भट्टीत ये एकदा. पाय कुणाचे लागतात ते दाखव मला.” तो उठून गेला. मला वाटलं रागावला. रागावलाच होता, पण स्वतःवर. ज्या गोष्टीचं कारण आपल्याला माहीत नाही, ती आपण तोंडानं सांगितली, याचा त्याला राग आला होता.

पुढचे काही दिवस तो सुटी झाली की वाचनालयात जाऊन बसायचा. मग एका दुपारी कँटीनमध्ये शिरला तो थेट माझ्या टेबलाकडं आला. आजूबाजूला सगळे खात होते, भांडी वाजत होती. “शांतवन, तू काय करतोस?” मी म्हणालो, “जेवतोय.” “तसं नाही. कुणी विचारलं, तर काय सांगतोस?” “कंपनीत आहे म्हणून सांगतो.” “म्हणजे कुठं आहेस?” मला वाटलं, याला ऊन लागलं. मग तो बसला आणि सांगायला लागला. कंपनी हा शब्द इंग्रजांचा नव्हेच, त्यांच्याकडं तो फ्रेंचांकडून आला. मूळ लॅटिन. ‘कॉम’ म्हणजे सह, सोबत. ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एका भाकरीतले दोघं, ते कंपॅनियन. अशांचा मेळा, ती कंपनी. आणि त्याच पानिसपासून पोर्तुगीजांची भाकरी झाली, ती जहाजातून आपल्या किनाऱ्याला लागली आणि आपण तिला पाव म्हणायला लागलो. “पायाचा संबंध नाही आणि पावशेराचाही नाही,” तो म्हणाला. “पाव आणि कंपनी हे एका आजोबाचे नातू आहेत. मी दीड महिना इथं पगार घेतोय, पण कंपनीत लागलेलोच नाही... आण तो पाव इकडं.”

त्यानं खाल्ला. पहिला घास गिळताना डोळे घट्ट मिटले होते, ते मला अजून दिसतात. दुसऱ्या घासाला उघडले. “यात मीठ आहे,” तो आश्चर्यानं म्हणाला. त्याला पाव गोड असतो असं वाटत होतं.

असा माणूस कुठून तयार होतो, ते मला त्याचे वडील भेटल्यावर कळलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या नामावळ्या ठेवलेल्या होत्या. कुठल्याही गावचा माणूस गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, अस्थी घेऊन आला, आडनाव आणि गाव सांगितलं, की तात्या त्याच्या खापरपणजोबापर्यंतची नावं धडाधडा सांगत. माधव म्हणायचा, “आमचा धंदाच कूळ सांगण्याचा. तात्या माणसांचं सांगतात, मी शब्दांचं.” पण तात्यांना थोरल्या मुलानं गादी सोडून बस पकडली, हेच मुळात पटलेलं नव्हतं. पावाची आणि त्या शब्दाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, “खाल्लास?” माधवनं सांगितलं, “हो. आणि रोज खाणार आहे.” तात्या ओरडले नाहीत. म्हणाले, “मग पंक्तीला बसू नकोस.”

त्या दिवसापासून माधवचं पान स्वयंपाकघराबाहेर, ओसरीत मांडलं जायला लागलं. घर तेच, आईच्या हातचं अन्न तेच, पण आत तात्या आणि धाकटे भाऊ, आणि बाहेर हा एकटा. मी त्याला म्हणालो, “खोली घे की भाड्यानं. असं कशाला राहायचं?” तो म्हणाला, “तात्यांनी मला घराबाहेर काढलेलं नाही. पंगतीबाहेर काढलंय. त्यांनी शब्द अचूक वापरला, मीही अचूकच पाळणार.” त्याची जिद्द मला तेव्हा अर्धीच समजली. त्याला भांडून जायचं नव्हतं. वडिलांना पटवायचं होतं, आणि त्यासाठी रोज त्यांच्या नजरेसमोर असणं भाग होतं. तशी वर्षं गेली. मधे त्याचं लग्न झालं. नीलावहिनी सिन्नरच्या. सासरी पहिल्याच रात्री बायकांची पानं आत मांडली, तर त्यांनी आपलं पान उचललं आणि ओसरीत नवऱ्याशेजारी आणून ठेवलं. माधव दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये येऊन मला म्हणाला, “शांत्या, आता आमची बाहेर कंपनी झाली.” एवढा आनंदी तो मला कधीच दिसला नव्हता.

मग कारखान्यात टाळेबंदी आली. कारणं लांबलचक होती, आज त्यांत शिरत नाही. एका सकाळी पहिल्या पाळीचे लोक बसमधून उतरले आणि गेटला कुलूप दिसलं. कामगार गेटसमोर बसले. ड्रॉइंग ऑफिसच्या लोकांना मात्र निरोप गेला, की तुम्ही मागच्या दारानं या, तुमचं काम चालू राहील. बरेच जण गेले. त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही, प्रत्येकाच्या घरी लेकरं होती. माधवच्याही घरी मुग्धा रांगत होती. त्याला साहेबांनी बाहेर येऊन समजावलं. मी बाजूलाच होतो. साहेब म्हणाले, “अहो, भावनेच्या भरात काही करू नका. जरा कंपनीचा विचार करा.” माधव म्हणाला, “तोच करतोय, सर. कंपनी इथं बाहेर बसलीय. आत नुसती यंत्रं आहेत.” साहेबांना त्यातली व्युत्पत्ती कळणं शक्य नव्हतं. त्यांना तो उद्धटपणा वाटला, आणि त्याची किंमत माधवनं पुढं मोजली.

गेटसमोर आम्ही पत्र्याची शेड उभारली. बाबा भट्टीतून पाव पाठवत, खेड्यांतले कामगार घरून भाज्या, तांदूळ, बाजरी आणत, आणि दुपारी सगळे एका रांगेत जेवत. वाढायला माधव असायचा. शर्टाच्या बाह्या दुमडून, हातात पळी. कुणी म्हणायचं, “साहेब, तुम्ही बसा, आम्ही वाढतो.” तो म्हणायचा, “मी सगळ्यांत शेवटी बसणार. वाढप्याला सगळे दिसतात.” त्या दिवसांत आमच्यातल्या भाऊसाहेबाची आई गेली. भाऊसाहेब नांदगावचा, माझ्याच खात्यातला. दहाव्याला तो रामकुंडावर गेला. त्यांच्या घराण्याचे उपाध्याय तात्याच होते. विधी झाल्यावर तात्यांनी सहज विचारलं, कुठं काम करतोस. भाऊसाहेबानं कारखान्याचं नाव सांगितलं. घरी बापलेकांचं बोलणं जेमतेमच होतं. तात्यांनी विचारलं, “तिथं माझा मुलगा आहे. आता काय करतो तो?” भाऊसाहेब म्हणाला, “गुरुजी, तुमचा पोरगा लय भारी हाय. आत जायला रस्ता हाय, तरी जात नाय. आमच्यात ऱ्हातो. पंगत वाढतो रोज.” भाऊसाहेबानं हे आम्हाला येऊन सांगितलं. माधवनं ऐकलं आणि भाताच्या पातेल्याखालचा जाळ सारखा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेटपाशी रिक्षा थांबली. आतून तात्या उतरले. धोतर, उपरणं, हातात काठी. पंगत बसलेली होती. सगळे घास हातात धरून बघत राहिले. तात्या रांगेच्या कडेनं चालत माधवपर्यंत आले आणि त्यांनी ‘काय चाललंय’ वगैरे काहीच विचारलं नाही. म्हणाले, “तुझ्या त्या शब्दाचं कूळ सांग.”

माधवच्या हातात पळी तशीच होती. त्यानं सांगितलं. इंग्रज, त्यांच्या आधी फ्रेंच, त्यांच्या आधी लॅटिन. सह आणि भाकरी.

“आणि पाव?”

“त्याच भाकरीच्या दुसऱ्या शाखेतला. पोर्तुगीजांबरोबर आला.”

“म्हणजे चुलतभाऊ.”

“हो.”

“पायाचा संबंध नाही?”

“नाही तात्या. मी या शांतवनच्या वडिलांची भट्टी बघितली आहे. हातानं मळतात.”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नकळत हात जोडले. मग माधवकडं वळून म्हणाले, “नोंद चुकली असेल तर खोडून दुरुस्त करायची असते. लोकांच्या वंशावळीत मी ते हजारदा केलं.” आणि काठी शेडच्या खांबाला टेकवून पुढं म्हणाले, “आता माझा एक शब्द ऐक. पंक्ती. तुझ्यासारखाच मीही काल रात्री उकरत बसलो होतो. तो पंच या शब्दावरून आला. पंक्ती म्हणजे मुळात पाचांचा गट. कोणते पाच, ते शब्दात सांगितलेलं नाही.”

एवढं बोलून त्यांनी धोतर सावरलं आणि भाऊसाहेबाच्या शेजारी खाली बसले. माधवनं पत्रावळ मांडली. तात्या म्हणाले, “पाव नको. या वयात पचायचा नाही. भात वाढ.” रांगेत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि माधव भाताचं पातेलं घेऊन वळला तेव्हा त्याचा चेहरा मला दिसू नये म्हणून त्यानं मान खाली घातली होती. त्या संध्याकाळी घरी माधवचं आणि नीलावहिनींचं पान आत मांडलं गेलं. वहिनींनी नंतर मला सांगितलं, की जेवताना शेवटी तात्यांनी ताक स्वतः उचलून मुलाच्या वाटीत ओतलं. तात्यांनी अखेरपर्यंत पाव खाल्ला नाही. माधवनंही तो कधी पुढं केला नाही.

कारखाना पुढं उघडला. पण माधवला ड्रॉइंग बोर्ड परत मिळाला नाही. त्याला स्टोअरमध्ये बसवलं, आणि बरोबरचे लोक वर चढत गेले तरी तो तिथंच राहिला. मी एकदा चिडून म्हणालो, “तुझ्या शब्दानं तुझं नुकसान केलं.” तो म्हणाला, “शब्दानं नाही. शब्दाचा अर्थ फक्त आपल्याला माहीत होता, त्यानं.” आणि नट-बोल्टांच्या खोक्यांवर नेमानं चिठ्ठ्या लावत राहिला. पुढं मालक बदलले, मग कारखानाच गेला. त्या जागेवर आता गोदामं आहेत. माधवनं मात्र तोवर घेतलेल्या फ्लॅटमध्ये इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. ओझरच्या विमान कारखान्यातले लोक यायचे, बँकेतल्या बायका यायच्या, नोकरीच्या मुलाखतीला घाबरलेल्या मुली यायच्या. पहिल्या दिवशी तो व्याकरण शिकवायचाच नाही. फळ्यावर ‘कंपनी’ लिहायचा आणि विचारायचा, हा शब्द तुम्ही कुठं कुठं ऐकलाय? मग सुरू व्हायचं. नोकरी देते ती कंपनी. सैन्यातली तुकडी ती कंपनी. गावोगाव फिरणारी नाटक कंपनी. आजी-आजोबांच्या तोंडचं कंपनी सरकार. “ती मंडळी आपल्या पंगतीला बसायला आली आणि ताटंच घेऊन गेली,” तो म्हणायचा. “पण त्यात शब्दाचा दोष नाही. कूळ चांगलं असलं तरी एखादा नातू बिघडतो.” वर्ग हसायचा आणि इंग्रजीची भीती निम्मी तिथंच संपायची. इतकं परकं वाटणारं काहीतरी आपल्या डब्यातल्या पावाचा नातेवाईक निघतं, हे एकदा कळलं की माणूस तोंड उघडतो, असा त्याचा अनुभव होता. त्याच्या हाताखालून गेलेली माणसं आज मोठमोठ्या ठिकाणी आहेत. दहाव्याच्या दिवशी रामकुंडावर त्यांतले कितीतरी उभे होते.

नीलावहिनी गेल्या, तेव्हा तो खचेल असं मुग्धाला वाटलं होतं. ती बंगळुरूला असते. तिनं त्याला तिकडं न्यायचा हट्ट धरला. त्यानं सरळ सांगितलं, “तिथं मला कोण ओळखतं? इथं मी कुणालाही जेवायला बोलावू शकतो.” आणि त्यानं बोलवायला सुरुवात केली. सुताराकडून एक लांबलचक टेबल करून घेतलं, हॉलमध्ये दुसरं काही मावेनासं झालं. दर रविवारी सकाळी त्यावर मिसळीचं मोठं पातेलं यायचं, तर्री वेगळी, कांदा-लिंबू वेगळं. दार उघडं. त्याचे जुने विद्यार्थी, सोसायटीतले लोक, कधी गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस, कधी चुकीच्या मजल्यावर थांबलेला कुरियरवाला. जो येईल तो. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा तो बेधडक म्हणायचा, “रविवारी या. तिसरा मजला, दार उघडंच असतं.”

तेरावं झालं, आणि पहिला रविवार आला. मुग्धा सामान आवरत होती. मी तिला मदत करायला म्हणून गेलो, खरं तर घरी बसवेना. दार उघडंच होतं. माधवच्या सवयीनं तीच ते उघडून बसली होती. थोड्या वेळानं तळमजल्यावरच्या काकू आल्या, मग दोन विद्यार्थिनी, मग हातात शेवेची पिशवी घेऊन भाऊसाहेब आला. त्याला आता चालवत नाही, तरी आला. कुणी काही ठरवलेलं नव्हतं. मुग्धानं आमच्याकडं बघितलं, उठली आणि मटकी कुकरला लावली. आम्ही टेबलाभोवती बसलो, पण खिडकीजवळच्या टोकाच्या खुर्चीवर कुणीच बसेना. तिथं माधव बसायचा. त्या खुर्चीकडं बघायचंही आम्ही टाळत होतो...

मिसळ वाढली, तेवढ्यात दारात एक तरुण गृहस्थ उभे राहिले. नुकतेच पाचव्या मजल्यावर राहायला आलेले असावेत. “नमस्कार... मला एका आजोबांनी लिफ्टमध्ये सांगितलं होतं. मधे दोन महिने मी गावी होतो, आज जमलं.” खोलीत एकच खुर्ची रिकामी होती. ते सरळ गेले आणि तिच्यात बसले. भाऊसाहेबाचा हात ताटातच राहिला. त्या गृहस्थांना काहीतरी चुकल्याचं जाणवलं. इकडंतिकडं बघत त्यांनी विचारलं, “ते आजोबा नाहीत का घरी?”

मुग्धानं त्यांच्यापुढं ताट ठेवलं.

“नाहीत,” ती म्हणाली. “पण त्यांनीच बोलावलंय ना तुम्हाला. बसा.”